काटा रुतला का, ते डोळ्यांना विचारा

‘डोळे मिटा. पेन टेकला असं वाटलं की त्या जागेवर बोट ठेवा.’

आष्टीसारख्या तालुक्याच्या गावी कुष्ठरोगाची तपासणी चालते तेव्हा हे वाक्य ठरलेलं असतं. हातात असतो साधा बॉलपेन. तपासणारा तो आधी अंगठ्याच्या पेरावर टेकवतो, मग तर्जनीवर. रुग्ण दोन्ही वेळा बिनचूक बोट ठेवतो. मग पेन करंगळीवर येतो. कातडीला बारीकसा खळगा पडतो, आणि समोरचा माणूस डोळे मिटून पुढच्या स्पर्शाची वाट बघत बसलेला असतो. त्याच्या लेखी पेन अजून आलेलाच नाही. कागदावर छापलेल्या हाताच्या आकृतीत करंगळीवर एक फुली पडते.

वर्धा जिल्ह्याचा हा उत्तरेकडचा तालुका. १९४२च्या ऑगस्टमधल्या उठावामुळे ‘शहीद आष्टी’ म्हणून महाराष्ट्राला माहीत असलेला. बाकी दिवस संत्रा, पऱ्हाटी आणि तुरीत गुंतलेला. संत्र्याच्या फांदीला काटे असतात, तूर कापल्यावर वावरात टोकदार खुंट उरतात, धुऱ्यावर बाभळीचे काटे पडलेले असतात. ज्याची कातडी जागी आहे तो पाय उचलतो, दोन शिव्या हासडतो, काटा काढतो आणि कामाला लागतो. ज्याची नाही तो तसाच चालत राहतो. रात्री चप्पल काढताना तळ ओला दिसतो तेव्हा कुठे काटा कळतो. कळतो तोही डोळ्यांना.

एका ज्ञानेंद्रियाचं काम दुसऱ्याकडून करून घ्यायचं, या कल्पनेवर गेली शंभर-सव्वाशे वर्षं यंत्रं बनत आहेत. त्यांच्याविषयी लिहिलं-बोललं जातं ते बहुतेक अंध व्यक्तींच्या संदर्भात. वर्धा जिल्ह्याचा अनुभव मात्र वेगळ्या इंद्रियाचा आहे. इथे हरवते ती त्वचा, आणि तिची पाळी भरून काढायची असते डोळ्यांनी.

आधी अंधांच्या यंत्रांकडे बघू, कारण या शास्त्राची मेख तिथेच सापडली.

साधी पांढरी काठी हेही असं एक साधनच. ती वापरणाऱ्याला मुठीतली थरथर जाणवत नाही. काठीच्या टोकाशी असलेला दगड, पायरी, चिखल जाणवतो. ब्रेलमध्ये बोट वाचतं. दिल्लीच्या आयआयटीत तयार होऊन २०१४मध्ये बाजारात आलेली ‘स्मार्टकेन’ अल्ट्रासाउंड लहरी सोडते आणि गुडघ्याच्या वर, अगदी डोक्याच्या उंचीवर काही आडवं आलं तर मूठ थरथरवते. साध्या काठीला उघडी खिडकी किंवा खाली वाकलेली फांदी कळत नाही, ती या काठीला कळते.

यंत्राशिवायही हे चालत आलेलं आहे. आष्टीच्या शेजारच्याच अमरावती जिल्ह्यात लोणी टाकळी इथे १८८१मध्ये जन्मलेले संत गुलाबराव महाराज तान्हेपणीच दृष्टी गमावून बसले. चांदूर बाजारजवळच्या माधानचे हे महाराज ग्रंथ दुसऱ्यांकडून वाचून घेत, कानांनी ऐकून लक्षात ठेवत आणि पुढे स्वतःचे ग्रंथ तोंडी सांगून लिहवून घेत. अवघ्या चौतीस वर्षांच्या आयुष्यात त्यांनी शंभरावर ग्रंथरचना केल्या. लोकांनी त्यांना ‘प्रज्ञाचक्षू’ म्हटलं. त्यामागे महाराजांच्या बुद्धीबरोबरच त्यांना तासन्‌तास वाचून दाखवणाऱ्यांचे गळेही होते, हे विसरू नये.

यंत्राच्या इतिहासात मोठं वळण आलं १९६९मध्ये. पॉल बाक-इ-रिता या अमेरिकन डॉक्टरांनी सॅन फ्रान्सिस्कोत दातांच्या दवाखान्यातल्या जुन्या खुर्चीच्या पाठीत बारीक थरथरणाऱ्या ४०० कांड्या बसवल्या, वीस रांगांत वीस-वीस. टीव्हीचा कॅमेरा समोरचं दृश्य टिपायचा आणि त्याची ठिपक्याठिपक्यांची आकृती खुर्चीत बसलेल्या अंध माणसाच्या पाठीवर उमटायची. जिथे उजेड तिथे थरथर, जिथे अंधार तिथे शांत. काही तासांच्या सरावात माणसं समोरचा टेलिफोन, कप, खुर्ची ओळखू लागली. पुढे ओळखीच्या माणसांचे चेहरेही.

यातली खरी गंमत पुढे आहे. कॅमेरा दुसऱ्या कुणी हलवला तर बसलेल्याला फक्त पाठीवर गुदगुल्या व्हायच्या. कॅमेऱ्याची मूठ त्याच्या स्वतःच्या हातात दिली, त्यानं तो हवा तसा फिरवला, की गुदगुल्या विसरल्या जायच्या आणि वस्तू ‘समोर’ दिसू लागायची. एकदा बसलेल्या माणसाला न सांगता कॅमेऱ्याचं भिंग सरकवून दृश्य एकदम मोठं केलं गेलं. तो दचकून हात वर करत मागे झाला. थरथर पाठीवर होती, तरी अंगावर येणारी वस्तू त्याला पुढून येताना वाटली. म्हणजे माहिती कोणत्या वाटेनं आली याची मेंदूला फारशी फिकीर नव्हती. ती आपल्या हालचालीशी जुळते का, एवढंच तो बघत होता.

ती अवजड खुर्ची पुढे आटत आटत जिभेवर ठेवायच्या चकतीएवढी झाली. जीभ ओली असते, तिच्यावर मज्जातंतूंची दाटी असते, त्यामुळे अगदी क्षीण वीजही तिला पुरते. ‘ब्रेनपोर्ट’ नावाच्या या यंत्राला २०१५मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं विक्रीची परवानगी दिली. त्याच्या कितीतरी आधी, १९९२मध्ये, पीटर मायर या डच अभियंत्यानं दृश्याचं आवाजात रूपांतर करण्याची पद्धत मांडली होती. दृश्य डावीकडून उजवीकडे सेकंदाला एकदा वाचलं जातं; वरचा ठिपका बारीक स्वरात, खालचा जाड स्वरात, उजळ ठिपका मोठ्यानं. जिना ऐकू येतो तो चढत्या सुरांसारखा. हे आता अँड्रॉइड फोनवर फुकट मिळतं. पैसा लागत नाही, सराव मात्र महिनोन्‌महिने लागतो, आणि बहुतेक जण तिथेच थकतात. रोजच्या व्यवहारात अंध माणसाला जास्त उपयोगी पडतो तो पडद्यावरची अक्षरं मराठीत वाचून दाखवणारा फोन.

आता त्वचेकडे वळू. इथे वर्धा जिल्ह्याचं नाव जगाच्या नकाशावर आहे.

१९३६मध्ये विनोबांचे सहकारी मनोहर दिवाण यांनी वर्ध्याजवळ दत्तपूर इथे कुष्ठधाम सुरू केलं. सेवाग्राममध्ये संस्कृत पंडित परचुरे शास्त्री कुष्ठरोग घेऊन आले तेव्हा गांधीजींनी त्यांना आश्रमात झोपडी बांधून दिली आणि स्वतः त्यांच्या अंगाला मालिश करत. १९५१नंतर वर्ध्यातल्या गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठाननं डॉ. वर्देकर यांच्या पुढाकारानं गावोगाव फिरून रुग्ण शोधायचे, लोकांना समजवायचं आणि घरीच औषध द्यायचं, ही रीत घालून दिली. रुग्णाला गावाबाहेर काढायचं नाही, हे तेव्हा नवं होतं. ‘आनंदवन’ वरोऱ्याचं, पण बाबा आमटे जन्मले ते याच जिल्ह्यातल्या हिंगणघाटला, १९१४मध्ये. आणि तीन औषधांचा एकत्र उपचार, ज्याला सगळे एमडीटी म्हणतात, तो १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला देशात ज्या पहिल्यावहिल्या जिल्ह्यांत दिला गेला त्यांत वर्धा होता.

एमडीटीनं जंतू मरतो. सहा महिने किंवा वर्षभर गोळ्या घेतल्या की रोग बरा होतो. नस मात्र सहजी परत येत नाही. कुष्ठरोगाच्या जंतूला शरीराचा थंड भाग आवडतो, म्हणून कातडीलगत धावणाऱ्या नसांवर त्याचा डोळा: कोपराच्या मागची, गुडघ्याच्या बाजूची, घोट्याजवळची. उपचार लवकर झाला, सूज वेळेत उतरवली तर नस वाचते. उशीर झाला तर माणूस रोगमुक्त होऊन घरी येतो तो बधिर हात-पाय घेऊन, आणि पुढची तीस-चाळीस वर्षं त्यांच्यासह काढतो.

कुष्ठरोग्याची बोटं ‘झडतात’ असं आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या मानलं गेलं. ती झडत नाहीत, हे ठामपणे दाखवणारा डॉक्टर होता पॉल ब्रँड. योगायोग असा की जन्म बाबा आमट्यांच्याच वर्षीचा, १९१४चा, आणि तोही भारतातला, तमिळनाडूतल्या कोल्ली डोंगरातला. १९४६पासून तो वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शल्यचिकित्सक होता. एकदा खोलीचं गंजलेलं कुलूप त्याच्यानं उघडेना. कुष्ठरोग झालेला एक किडकिडीत पोरगा पुढे आला आणि त्यानं किल्ली सहज फिरवली. ब्रँडनं त्याचा हात पाहिला तर बोट हाडापर्यंत कापलेलं होतं. पोराला पत्ताच नव्हता. ताकद त्याच्यात जास्त नव्हती. कुठे थांबायचं हे सांगणारी वेदना नव्हती. ब्रँडनं मग एकेका जखमेचं कारण शोधायला सुरुवात केली. कुणी चुलीतल्या निखाऱ्यात पडलेला बटाटा हातानं काढे, कुणाची विडी बोटांच्या बेचक्यात शेवटपर्यंत जळे.

काही जखमांचं कारण सापडेना. रात्री निजताना धड असलेलं बोट सकाळी कुरतडलेलं असे. पहारा ठेवला तेव्हा उलगडा झाला: उंदीर. झोपलेल्या माणसाला चावा कळतच नव्हता. त्यानंतर उपचार संपवून घरी जाणाऱ्या रुग्णानं सोबत मांजर न्यायचं, असा नियम झाला. एका इंद्रियाची उणीव दुसऱ्यानं भरून काढायची असेल तर ते इंद्रिय स्वतःच्याच शरीरात असलं पाहिजे असं नाही. या सगळ्या कहाणीतलं सर्वांत स्वस्त आणि सर्वांत भरवशाचं ‘यंत्र’ ते मांजरच ठरलं असावं.

१९६६मध्ये ब्रँड अमेरिकेत लुइझियानातल्या कारव्हिलच्या कुष्ठरोग रुग्णालयात गेला. तिथे पैसा होता, अभियंते होते. त्यानं ठरवलं, वेदनाच तयार करायची. हातमोज्यात दाब मोजणारे सेन्सर बसवले. दाब वाढला की कानातल्या यंत्रात शिटी वाजायची. रुग्णांनी ऐकलं आणि काम चालू ठेवलं. शिटी म्हणजे नुसती बातमी. बातमीनं हात कोण मागे घेतो? मग शिटीऐवजी विजेचा झटका आणला, आणि तोही काखेत, कारण तिथली कातडी अजून जागी होती. झटका लागायचा, रुग्ण कळवळायचे. पण एखादा घट्ट नट फिरवायचा असला की तेच रुग्ण बटण बंद करायचे, नट फिरवायचे आणि बटण पुन्हा चालू करायचे. सुमारे पाच वर्षं आणि दहा लाख डॉलरहून जास्त खर्च झाल्यावर ब्रँडनं तो प्रकल्प गुंडाळला. वेदनेचा उपयोग तिच्या त्रासात तर आहेच, पण त्याहून जास्त ती आपल्या हातानं बंद करता येत नाही यात आहे, हे त्याला त्या खर्चात कळलं.

गंमत म्हणजे स्पर्शाच्या बाबतीत असाच प्रयोग त्याच सुमारास यशस्वी होत होता. बाक-इ-रितांच्या गटानं एका कुष्ठरुग्णाच्या हातमोज्यातल्या पाच बोटांचा दाब त्याच्या कपाळावरच्या पाच जागांवर पोहोचवला. थोड्याच मिनिटांत त्याला खरबरीत आणि गुळगुळीत, मऊ आणि कडक यांतला फरक सांगता येऊ लागला. टेबलाच्या फळीतली बारीक चीरही त्यानं ओळखली. आणि खुर्चीतल्या अंधांसारखंच झालं: स्पर्श त्याला कपाळावर नाही, बोटांच्या टोकाशी जाणवू लागला.

एकाच जातीचे दोन हातमोजे, एक फळला आणि एक फसला. फरक कुठे पडला? कपाळावरच्या मोज्यानं माणसाला जग चाचपायला दिलं. तो बोट फिरवणार, उत्तर मिळणार, पुन्हा फिरवणार. काखेतल्या मोज्यानं त्याला दटावलं. शोधायला मदत करणारं इंद्रिय उसनं मिळू शकतं, हे पाठीवरची खुर्ची, जिभेवरची चकती आणि शिट्ट्या वाजवणारा फोन या सगळ्यांनी दाखवलं आहे. अडवणारं, हात खेचून घ्यायला लावणारं इंद्रिय उसनं आणायचं म्हटलं की सगळी हुशारी एका बटणापाशी येऊन थांबते. त्यामुळे ‘कृत्रिम त्वचे’च्या बातम्या अधूनमधून छापून येतात तेव्हा त्यांत एकच गोष्ट शोधावी: ते बटण कोणाच्या हातात आहे.

मग विदर्भातल्या खेड्यात बधिर पायांनी माणूस जगतो कसा? यंत्राऐवजी सवयीवर.

पहिली सवय बघण्याची. रोज संध्याकाळी पाय अर्धा तास पाण्यात भिजवायचे, जाड झालेली कातडी दगडानं हलकेच घासायची, ओल्यावरच तेल लावायचं आणि मग बोटांच्या बेचक्यांपासून टाचेपर्यंत बघायचं. लाली आहे का, फोड आहे का, काटा आहे का. तळवा दिसत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवायचा, नाहीतर घरच्या पोरीला फोननं फोटो काढायला सांगायचा. पाणी गरम आहे का हे हातानं नाही, कोपरानं बघायचं, कारण कोपराची कातडी बहुधा शाबूत असते. चुलीवरचं भांडं फडक्यानं किंवा सांडशीनं धरायचं, चहा पेल्यातून नाही, दांड्याच्या कपातून प्यायचा. विळ्याच्या मुठीला कापड गुंडाळायचं.

डोळ्याच्या बुबुळावरच्या पारदर्शक पटलाची जाणीव गेली तर आणखी कठीण. धूळ गेली तरी खुपत नाही, म्हणून पापणी आपोआप मिटत नाही, आणि डोळा कोरडा पडून जखमी होतो. अशा रुग्णाला मुद्दाम आठवण ठेवून पापण्या मिटाव्या लागतात. त्याची एक पद्धत शिकवतात: रस्त्यात झाड दिसलं की मिटा, माणूस दिसला की मिटा. सकाळी आरशात डोळ्यांची लाली बघायची.

आणि मग चप्पल. कुष्ठरुग्णांसाठीची एमसीआर चप्पल पायाखाली मऊ रबराची आणि जमिनीकडे कडक तळाची असते. मऊ थर दाब सगळ्या तळव्यावर पसरवतो, कडक तळ काटा अडवतो. तिच्यात खिळा मारायचा नाही, हा पक्का नियम. सगळं चिकटवायचं नि शिवायचं. साध्या चपलेतला वर आलेला खिळा तुम्हा-आम्हाला दुसऱ्या पावलाला कळतो, बधिर पायात तो महिनाभर घुसत राहील. मागे टाचेला पट्टाही हवाच, कारण चप्पल पायातून निसटली हेही या पायाला कळत नाही. ही चप्पल ओळखीची झाल्यामुळे ती घालणं म्हणजे ‘महारोग’ जाहीर करणं, असं वाटून कित्येक जण ती घरात ठेवून अनवाणी फिरत. नंतर ती बाजारातल्या सँडलसारखी दिसेल अशी बनवण्याकडे लक्ष गेलं. हा बदल एखाद्या सेन्सरइतकाच महत्त्वाचा मानायला हवा.

तपासणीचं साधनही बॉलपेनवर थांबलेलं नाही. मोठ्या दवाखान्यात नायलॉनच्या धाग्यांचा संच असतो. ठरावीक जाडीचा धागा कातडीवर टेकवून दाबला की ठरावीक भाराला तो वाकतो, मग कितीही जोर लावा, भार वाढत नाही. हाताला दोन ग्रॅमचा धागा आणि पायाला दहा ग्रॅमचा धागा कळला नाही तर त्या अवयवाची राखण करणारी जाणीव गेली असं समजतात.

तोच दहा ग्रॅमचा धागा आज मधुमेहाच्या दवाखान्यात दिसतो. साखरेनंही नसा मरतात, त्याही पायापासून. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात मधुमेही १० कोटींवर आहेत. कुष्ठरोगाचे नवे रुग्ण जगात जितके सापडतात त्यांतले निम्म्याहून जास्त अजूनही भारतातले असले, तरी बधिर तळव्यांची मोठी गर्दी आता मधुमेहाच्या रांगेत आहे. त्या रांगेत रक्तातली साखर दर वेळी मोजली जाते. चप्पल काढून तळवा दाखवा, असं फार कमी ठिकाणी सांगतात.

ब्रँडनं वेल्लोर आणि कारव्हिलला रुग्णांच्या पायांवर हात फिरवताना एक गोष्ट टिपली होती: जिथे जखम होणार असते ती जागा आधी गरम लागते. त्यावर पुढे बरंच संशोधन झालं. दोन्ही पायांच्या त्याच त्या जागांचं तापमान रोज कातडीच्या थर्मामीटरनं मोजायचं, आणि एका पायाची जागा दुसऱ्यापेक्षा २.२ अंश सेल्सियसनं जास्त गरम निघाली, तीही दोन दिवस लागोपाठ, तर चालणं कमी करायचं आणि डॉक्टरला दाखवायचं. दुखणं कळत नसेल तर त्याची ऊब तरी आकड्यात कळते. घरात थर्मामीटर नसेल तर शाबूत हाताच्या माणसानं हात फिरवून बघितलं तरी बराच अंदाज येतो.

अडचण येते ती सल्ल्याच्या दुसऱ्या भागात. जागा गरम लागली म्हणून चार-आठ दिवस पायावर भार द्यायचा नाही. संत्र्याचा तोडा चालू असताना, कापूस वेचणीला माणूस मिळत नसताना, रोजावर जाणाऱ्या माणसानं हे कसं पाळायचं? त्याचा पाय दुखत नाही, सूजही दिसत नाही, आणि मजुरी मात्र आजची आज बुडते.